उभ्या रुग्णाची नाडी

स्वायत्त चेतासंस्था, म्हणजे व्यवहारात आपण जिला ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिम म्हणतो, हा विषय आता आपल्या व्यासपीठांवर नवा राहिलेला नाही. परिसंवादांतून, पदव्युत्तर प्रबंधांतून आणि नियतकालिकांतून पंचवायू व स्वायत्त चेतासंस्था यांची तुलना वारंवार वाचावयास मिळते. प्राणवायू म्हणजे अमुक चेता, अपान म्हणजे तमुक चेताजाल, अशी कोष्टके मांडली जातात आणि त्यांचे कौतुकही होते. या प्रयत्नांविषयी आदर बाळगूनही एक प्रश्न विचारावासा वाटतो. असे कोष्टक मुखोद्गत असलेल्या वैद्याच्या दवाखान्यातून बाहेर पडताना मधुमेहाचा वृद्ध रुग्ण पायरीवरच भोवळ येऊन कोसळला, तर त्या कोष्टकाचा उपयोग काय झाला?

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे : या संस्थेच्या विकारांत आपल्याला समीकरणांपेक्षा परीक्षणाची गरज अधिक आहे. ते परीक्षण रुग्णाला उभे करून, त्याच्या नाडीवर बोटे ठेवून आणि रक्तदाब मोजून काही मिनिटांत होण्यासारखे आहे. ते आपण करीत नाही, ही खरी उणीव आहे.

विकाराचे स्वरूप

हृदयाची गती, रक्तवाहिन्यांचा संकोच-विकास, जठर व आतड्यांची हालचाल, मूत्राशयाचे रिकामे होणे, स्वेद, बाहुलीचे लहानमोठे होणे ही सर्व कामे आपल्या इच्छेवाचून चालतात. त्यांचे नियमन करणाऱ्या संस्थेला केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनी १८९८ साली ‘ऑटोनॉमिक’ हे नाव दिले. तिचे अनुकंपी आणि परानुकंपी असे दोन प्रमुख विभाग आपण महाविद्यालयात शिकलेलो आहोत. पहिला धावपळीचा आणि दुसरा विसाव्याचा, एवढी सोपी विभागणी बहुतेकांच्या स्मरणात असते. परंतु चिकित्सकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ही संस्था बिघडली की तक्रारी एकाच वेळी अनेक स्रोतसांतून उमटतात आणि प्रत्येक तक्रार स्वतंत्र व्याधीचे सोंग घेऊन येते.

उभे राहण्याच्या साध्या क्रियेचे उदाहरण घेऊ. माणूस उठून उभा राहिला की सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय व उदराच्या शिरांत उतरते. निरोगी व्यक्तीत मानेतील व छातीतील दाबसंवेदी ग्राहक हे तत्काळ ओळखतात, अनुकंपी चेता रक्तवाहिन्यांचा संकोच करतात, हृदयाची गती थोडी वाढते आणि मेंदूचा रक्तपुरवठा अबाधित राहतो. काही सेकंदांत घडणारी ही तडजोड आपल्याला जाणवतही नाही. या चेता निकामी झाल्या की तीच व्यक्ती उभी राहताच डोळ्यांपुढे अंधारी, मानेत व खांद्यात ओढ, पायांत कापरे, आणि शेवटी मूर्च्छा असा प्रवास करते. ब्रॅडबरी आणि एगल्स्टन या दोघा चिकित्सकांनी १९२५ साली अशा रुग्णांचे वर्णन केले आणि उभे राहिल्यावर रक्तदाब उतरण्याच्या या अवस्थेकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले.

आपल्या संहितांत मूर्च्छेचा विचार विस्ताराने आहे. चरकाने सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात मद, मूर्च्छा व संन्यास यांचे, तर सुश्रुताने उत्तरतंत्राच्या सेहेचाळिसाव्या अध्यायात मूर्च्छेचे विवेचन केले आहे. वाग्भटाने व्यानाचे स्थान हृदय सांगितले आहे. या आधारावर उभे राहताच येणाऱ्या भोवळीचा विचार व्यानाच्या विकृतीच्या भाषेत करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. तथापि ‘व्यानविकृती’ असे केसपेपरवर लिहिल्याने रुग्णाचा रक्तदाब किती उतरतो, कशामुळे उतरतो आणि तो पडेल की नाही, हे कळत नाही. नाव देणे ही निदानाची सुरुवात आहे; तिलाच शेवट मानण्याची सवय आपण सोडावयास हवी.

मधुमेह : सर्वांत मोठे कारण

आपल्या दवाखान्यांत या विकाराचे सर्वांत अधिक रुग्ण मधुमेहाचे असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत. दीर्घकाळ वाढलेली साखर हातापायांच्या संवेदी चेतांप्रमाणेच स्वायत्त चेतांचीही हानी करते. त्यातही व्हेगस ही लांबच लांब चेता लवकर बाधित होते. म्हणून विश्रांतीतही नाडी वेगवान राहणे हे पुष्कळदा पहिले चिन्ह असते.

पुढील तक्रारी प्रत्येक वैद्याच्या परिचयाच्या आहेत. चार घास खाताच पोट भरल्यासारखे वाटणे आणि तासन्‌तास अन्न वर येत राहणे. आपण अग्निमांद्य समजून दीपन-पाचन देतो, परंतु मूळ दोष जठराची गती मंदावण्यात असू शकतो. कधी मलावष्टंभ, तर कधी रात्री नकळत होणारे द्रवमल. मूत्राशय पूर्ण रिकामे न होणे व वरचेवर मूत्रमार्गाचा संसर्ग. पाय कोरडे व भेगाळलेले आणि चेहऱ्यावर मात्र जेवताना घामाच्या धारा. मैथुनशक्तीचा ऱ्हास. आणि उभे राहिल्यावर भोवळ. हा रुग्ण आपल्याकडे सहा महिन्यांत सहा तक्रारी घेऊन येतो आणि सहा निरनिराळी औषधे घेऊन जातो. या सहाही तक्रारींना जोडणारा धागा कोणी पाहिलाच नाही, तर तो रुग्णाचा दोष नव्हे.

दोन धोके तर जीवावर बेतणारे आहेत. पहिला असा की, अशा रुग्णास हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. एकाएकी दम लागणे, दरदरून घाम, उलटी किंवा कारणावाचून गळून जाणे एवढीच चिन्हे असतात. मधुमेही रुग्णाच्या अशा अवस्थेला अम्लपित्त समजून पुडी देणे म्हणजे अमूल्य वेळ दवडणे होय. त्याला विनाविलंब हृदयालेखासाठी पाठवावयास हवे. दुसरा धोका साखर उतरण्याचा. साखर कमी होताच धडधड, कंप, घाम ही सूचनाचिन्हे स्वायत्त चेतांमार्फतच प्रकट होतात. त्या निकामी झाल्या की रुग्ण कोणतीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध होतो. इन्शुलिन अथवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या चालू असताना आपण त्यात साखर उतरविणारे योग वाढवीत असू, तर ही गोष्ट विसरून चालणार नाही.

परीक्षणाची पद्धत

१९९६ साली तज्ज्ञांनी सहमतीने ठरविलेली आणि २०११ साली पुन्हा मांडलेली व्याख्या लक्षात ठेवण्यास सोपी आहे. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा दाब १० अंकांनी उतरला, तर तो उत्थानजन्य न्यूनरक्तदाब समजावा. आडवे असताना दाब मुळातच जास्त असेल, तर वरच्या दाबात ३० अंकांची घट ग्राह्य धरावी.

पद्धत अशी : रुग्णास पाच मिनिटे शांत आडवे निजवावे. रक्तदाब व नाडीचे ठोके नोंदवावेत. नंतर त्यास उभे करावे आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी दोन्ही पुन्हा मोजावेत. या वेळी रुग्णाजवळ एक व्यक्ती आधारास उभी असावी. भोवळ आल्यास तत्काळ निजवावे, आकड्याचा हट्ट धरू नये. बसवून मोजलेला दाब हा उभ्या दाबाला पर्याय नव्हे. खुर्चीवरचा दाब १३० आणि उभ्याचा ९० असे रुग्ण असतात. सकाळी उठल्यावर, भरपेट जेवणानंतर आणि ऊन लागल्यावर ही घट अधिक असते. त्यामुळे लक्षणे स्पष्ट असून एकदा दाब उतरलेला न दिसल्यास दुसऱ्या वेळी पुन्हा पाहावे.

येथे नाडीला खरे महत्त्व येते. दाब ३० अंकांनी उतरला आणि नाडी २५-३० ठोक्यांनी वाढली, तर चेता आपले काम करीत आहेत. कमतरता द्रवाची, रक्ताची किंवा दोष औषधाचा असण्याची शक्यता अधिक. परंतु दाब तेवढाच उतरला आणि नाडी जेमतेम चार-पाच ठोक्यांनी हलली, तर चेतांचाच विकार संभवतो. प्रत्येक एका अंकाच्या घटीमागे नाडी अर्ध्या ठोक्यापेक्षाही कमी वाढली, तर चेताविकाराचा संशय बळावतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे. बीटा-ब्लॉकर घेणारे, कृत्रिम गतिकारक बसविलेले किंवा अनियमित नाडीचे रुग्ण या हिशेबातून वगळावेत. ज्या शास्त्राचा चिकित्सक रुग्णाच्या मनगटावर सर्वप्रथम बोटे ठेवतो, त्याला ही चाचणी परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. किंबहुना नाडीवर बोटे ठेवण्याची ज्याला रोजची सवय आहे, त्याच्या हाती ती अधिक शोभेल.

एक निराळा गटही ध्यानात ठेवावा. उभे राहताच धडधडणे, थकवा, डोके हलके होणे अशा तक्रारी घेऊन तरुण मुली व स्त्रिया येतात. त्यांचा रक्तदाब उतरत नाही. परंतु दहा मिनिटे उभे केल्यास नाडी ३० ठोक्यांहून अधिक, आणि कुमारवयात ४० ठोक्यांहून अधिक वाढते. १९९३ साली या अवस्थेस स्वतंत्र नाव मिळाले आणि २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या अनेकांत ती आढळली. ‘सगळे मनाचे आहे’ असे सांगून अशा रुग्णांना परत पाठविले जाते. दहा मिनिटे नाडी मोजण्याची तसदी घेतल्यास हा अन्याय टळेल.

दाब उतरतो हे कळले म्हणजे कारण कळले असे नव्हे. अतिसार, रक्तस्राव, पांडुता, मधुमेह, कंपवात, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, अधिवृक्क ग्रंथींचा क्षय ही कारणे शोधली पाहिजेत. शाकाहारी आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णांत ब-१२ ची तपासणी अवश्य करवून घ्यावी. कंपवाताच्या रुग्णांत मलावष्टंभ हा कंपाच्या कित्येक वर्षे आधीपासून असू शकतो, हेही स्मरणात असावे.

पंचकर्मापूर्वी

चरकाने सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात स्वेदनास अयोग्य व्यक्तींची गणना करताना मधुमेहीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. चरकास स्वायत्त चेतांचे ज्ञान होते, असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु तो निषेध आज आपण किती पाळतो, हा प्रश्न मात्र विचारावयाचा आहे. उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात आणि घामावाटे द्रव जातो. ज्याच्या चेता ही हानी भरून काढू शकत नाहीत, असा रुग्ण स्वेदपेटीतून उठताच कोसळतो. ज्याच्या पायांतील घाम व संवेदना दोन्ही नष्ट झाल्या आहेत, त्याला पोट्टली किती गरम आहे हे कळत नाही आणि भाजलेल्या जखमेतून पुढे पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. विरेचनात वेगांगणिक द्रवहानी होते. रक्तमोक्षणाविषयीही तोच विचार लागू आहे.

म्हणून साठीपुढील प्रत्येक रुग्णाचा आणि वय कोणतेही असो, प्रत्येक मधुमेही रुग्णाचा उभा रक्तदाब मोजल्याशिवाय स्वेदन, विरेचन वा रक्तमोक्षण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तैलद्रोणीवर पाऊण तास निजलेल्या रुग्णाला प्रथम बसवावे, पाय खाली सोडून दोन मिनिटे थांबवावे आणि मगच उभे करावे. तेलकट फरशीवर पडून खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाला आपण दिलेल्या अभ्यंगाचे गुण ऐकविण्यात अर्थ नाही.

आपली द्रव्ये आणि या चेता

आयुर्वेदीय द्रव्ये या संस्थेवर प्रभावी कार्य करतात, याचा सर्वांत मोठा दाखला सर्पगंधा हा आहे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाबातील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे करण्यात आले. अनुकंपी चेतांच्या टोकांशी असलेला नॉरअॅड्रेनॅलिनचा साठा रिसर्पिन रिकामा करते. म्हणून रक्तदाब उतरतो. परंतु त्याच कारणाने नाक चोंदते, नाडी मंदावते, आम्लस्राव वाढतो, मन खिन्न होते आणि उभ्या रुग्णाचा दाब घसरू शकतो. या द्रव्याचा आपल्याला अभिमान असेल, तर त्याच्या या बाजूचीही जबाबदारी आपलीच आहे. वनस्पती असल्यामुळे ती निरुपद्रवी ठरत नाही.

धत्तूर परानुकंपी चेतांचा प्रभाव रोखतो. कनकासवाने श्वासाच्या रुग्णास आराम पडतो तो अंशतः याच कारणाने. परंतु प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या वृद्धाची लघवी त्यामुळे तुंबू शकते आणि काचबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यातील दाब वाढू शकतो. वत्सनाभ अशुद्ध असल्यास अथवा मात्रा चुकल्यास नाडी मंद व अनियमित होते आणि रक्तदाब उतरतो. सर्दी-तापाला घरोघरी मागितली जाणारी त्रिभुवनकीर्ती आठवावी. तिच्यात वत्सनाभ आहे आणि भावनेत धत्तूर आहे. कपिकच्छूच्या बीजात लेव्होडोपा असल्याचे १९३७ सालीच भारतीय संशोधकांनी दाखविले होते. कंपवातात तिचा उपयोग जसा यामुळे समजतो, तसाच उभा दाब उतरण्याचा धोकाही समजतो. यष्टीमधु याउलट शरीरात क्षार व पाणी धरून ठेवते आणि दाब वाढविते. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिल्यास पोटॅशियम उतरते. उभे असताना दाब कमी आणि आडवे असताना जास्त, अशा रुग्णात तिचा मनमानी वापर घातक ठरू शकतो.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

औषधे नियम १९४५ मधील अनुसूची ई(१) मध्ये धत्तूर, वत्सनाभ, पारसिक यवानी आदी विषद्रव्ये समाविष्ट आहेत. ही द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याविषयीची सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे नियम १६१ नुसार आवश्यक आहे. उत्पादक ती छापतो. काउंटरवर ती किती वेळा वाचून दाखविली जाते, याचा प्रत्येकाने स्वतःशी विचार करावा.

अशा औषधांची मागणी आल्यास चार प्रश्न विचारण्याची प्रथा पाडावी. औषध कोणासाठी व त्यांचे वय काय? मधुमेह, हृदयविकार किंवा काचबिंदू आहे काय? लघवी अडते काय, किंवा उठताना भोवळ येते काय? सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन, रक्तदाबासाठी मूत्रल गोळ्या, छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेट, झोपेसाठी किंवा चेतावेदनांसाठी अॅमिट्रिप्टिलीन या सर्वांनी उभा दाब उतरू शकतो. रात्री लघवीला उठलेला वृद्ध नेमका अशा वेळी पडतो.

वाजीकरण योगांविषयी एक स्वतंत्र इशारा द्यावासा वाटतो. ‘शक्तीचे औषध’ मागणाऱ्या मध्यमवयीन ग्राहकाची तक्रार ही पुष्कळदा मधुमेहजन्य चेताविकाराची किंवा भावी हृदयविकाराची खूण असते. त्याला पाकीट देऊन वाटेला लावणे सोपे असते. वैद्याकडे पाठविणे त्याच्या हिताचे असते. शिवाय वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळल्याचे निरनिराळ्या देशांच्या औषधनियंत्रकांना वेळोवेळी आढळले आहे. नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाने ते घेतल्यास रक्तदाब प्राणघातक रीतीने कोसळू शकतो. ज्याच्या उत्पादकाची खात्री नाही असा माल दुकानात न ठेवणे, हे व्यापाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे.

महाडचे उदाहरण

‘अशा गोष्टी मोठ्या रुग्णालयांनी कराव्यात’ असे म्हणणाऱ्यांसाठी कोकणातील एक उदाहरण पुरेसे आहे. लाल विंचवाच्या दंशाने स्वायत्त चेतांचे वादळच उठते. घाम, उलट्या, शिश्नोत्थान, गार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि नंतर फुप्फुसात साठणारे पाणी अशा क्रमाने रुग्ण दगावत असत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खाटेशी बसून ही चिन्हे टिपली. त्यांची निरीक्षणे १९८२ साली आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग १९८६ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. त्या उपचाराने विंचूदंशाच्या मृत्यूंत मोठी घट झाली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते आपल्या पॅथीचे नाहीत, हे येथे गौण आहे. या कार्याच्या मुळाशी हात, डोळे, घड्याळ, रक्तदाबमापक आणि नोंदवही होती. ही साधने आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर आहेत.

काही आक्षेप

पहिला आक्षेप परंपरेचा. रक्तदाबमापक हे आपल्या शास्त्राचे साधन नाही, असे काही ज्येष्ठ आजही म्हणतात. परंतु बृहत्त्रयीत नाडीपरीक्षेचे तपशीलवार विवेचन आढळत नाही. ते शार्ङ्गधरसंहितेत येते आणि योगरत्नाकराने ते अष्टविध परीक्षेत गुंफले. म्हणजे आपल्याच परंपरेने एके काळी एक नवी परीक्षा स्वीकारली आणि आज ती आपली ओळख झाली आहे. दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही त्रिविध परीक्षा साधनांची यादी सांगत नाही, वृत्ती सांगते.

दुसरा आक्षेप वेळेचा. गर्दीच्या दवाखान्यात एका रुग्णासाठी आठ-दहा मिनिटे कोठून आणावयाची? प्रत्येक रुग्णाची ही चाचणी करावी असे येथे सुचविलेले नाही. मधुमेही, साठीपुढील, भोवळ वा पडण्याची तक्रार असलेले आणि पंचकर्मास येणारे, एवढ्यांचीच करावी. पाच मिनिटे निजण्याचा वेळ आपल्या मदतनिसाच्या देखरेखीखाली जाऊ शकतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : निदान होऊनही उपाय काय? निकामी झालेल्या चेता पूर्ववत करण्याचे औषध आज कोणाकडेही नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु पडणे टाळता येते. टप्प्याटप्प्याने उठणे, उठण्यापूर्वी पोटऱ्या आवळणे, एका वेळी थोडे पण वारंवार जेवणे, कढत पाण्याची आंघोळ टाळणे, खाटेच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून डोक्याकडची बाजू उंच करणे, पोटाला पट्टा बांधणे. अर्धा लिटर पाणी लवकर प्यायल्याने अशा रुग्णांचा उभा दाब काही काळ लक्षणीय वाढतो, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखविले. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन नसेल, तर सकाळी उठण्यापूर्वी हा उपाय करून पाहावा. आहार, विहार, निद्रा व वेग यांविषयी रुग्णाशी सविस्तर बोलणे ही तर आपली परंपरागत शक्ती आहे. चरकाचा न वेगान्धारणीय अध्याय शिकलेला वैद्य ही दिनचर्या जितकी नीट समजावून देईल, तितकी घाईतला चिकित्सक देणार नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी चालू केलेल्या गोळ्या मात्र आपल्या मर्जीने बंद करू नयेत. उभ्या दाबाचा आकडा लिहून रुग्णास त्यांच्याकडे पाठवावे. त्या चिठ्ठीने दोन शास्त्रांमधील संवादही सुरू होईल.

विनंती

शेवटी आपल्या संघटनेपुढे दोन सूचना ठेवतो. सभासदांसाठी छापल्या जाणाऱ्या केसपेपरवर ‘रक्तदाब’ या एका रकान्याऐवजी ‘आडवा’, ‘उभा एक मिनिट’, ‘उभा तीन मिनिटे’ असे तीन रकाने असावेत आणि प्रत्येकासमोर नाडीच्या ठोक्यांसाठी जागा असावी. रकाना असला की हात आपोआप त्याकडे वळतो. दुसरी सूचना अशी की, इच्छुक सभासदांनी आपल्या मधुमेही रुग्णांच्या या नोंदी वर्षभर प्रामाणिकपणे ठेवाव्यात आणि संघटनेने त्या एकत्र कराव्यात. किती जणांचा दाब उतरला, त्यांपैकी किती जणांना स्वतःहून भोवळीची तक्रार होती, कोणती औषधे चालू होती, एवढे जरी कळले तरी पुढील परिसंवादात पंचवायूंच्या कोष्टकाऐवजी आपल्याच दवाखान्यांतील आकडे मांडता येतील. त्यांतून व्यानाविषयी काही नवे सांगता आले, तर ते सप्रमाण असेल.

रक्तदाबमापक टेबलावर आहे आणि बोटे नाडीवर आहेतच. उद्या सकाळी येणाऱ्या पहिल्या मधुमेही रुग्णाला तेवढे उभे करावयाचे आहे.